सासूबाईंचं विज्ञान, माझं मार्गदर्शन

२ नोव्हेंबर, सकाळ
सासूबाई दहावीला बसणार. बाहेरून. काल सगळे त्यांच्याकडे जेवायला असताना त्यांनीच सांगितलं आणि परत शांतपणे जेवायला लागल्या. नववीत शाळा सुटली, मग शिवणयंत्र आलं, मग मुलं. आता डोळे आहेत तोवर राहिलेलं उरकून टाकते, असं म्हणाल्या. जणू कपाट आवरायचं राहिलंय.
मेहुण्याने गणित घेतलं. तो त्यांच्याजवळच राहतो, त्यामुळे त्याला सुटका नव्हती. हिने इतिहास आणि भाषा घेतली. विज्ञान म्हटल्यावर सगळे पाण्याच्या जगकडे बघायला लागले. मी म्हटलं, विज्ञान माझ्यावर सोडा.
साहजिक आहे. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. दुसऱ्या खेपेला, पण सर्टिफिकेटवर खेप छापत नाहीत. शिवाय पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीत सीनियर डेमॉन्स्ट्रेटर. रोज लोकांच्या स्वयंपाकघरात उभा राहून विज्ञानच सांगतो.
परतताना ही म्हणाली की आईला शिकवायचंय, विकायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. हिला विनोदाची हौस आहे.
संकल्प: दर रविवारी सकाळी त्यांच्या घरी एक धडा. न चुकता. पाठ्यपुस्तक विकत घ्यायची गरज नाही. बेसिक पक्कं असलं की पुस्तक लागत नाही.

५ नोव्हेंबर
पहिला धडा. कार्य. सोपं उदाहरण घेतलं: तुम्ही दिवसभर भिंत ढकलली, घामाघूम झालात, भिंत हलली नाही, तर विज्ञानाच्या दृष्टीने तुम्ही केलेलं कार्य शून्य. वस्तू सरकली तरच कार्य.
सासूबाईंनी विचारलं की मुलगी तापाने फणफणलेली असताना तिला कडेवर घेऊन दवाखान्याच्या रांगेत सकाळभर उभी होते, ते?
मी म्हटलं, शून्य. रांग सरकली नाही ना.
त्या म्हणाल्या, "पुस्तक लिहिणाऱ्याला बसायला जागा मिळाली असणार."
बेसिक कच्चं आहे. मेहनत घ्यावी लागणार.

१२ नोव्हेंबर
वस्तुमान आणि वजन. दोन्ही एकच, एक शब्द पुस्तकात वापरतात आणि दुसरा भाजीवाल्याकडे, असं समजावलं. चंद्रावर गेलं की दोन्ही कमी होतात.
सासूबाईंनी चष्मा लावला आणि पुस्तक उघडलं. त्यांच्याकडे पुस्तक आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यात असं की वस्तुमान म्हणजे वस्तूत भरलेला ऐवज, तो कुठेही न्या, तेवढाच राहतो. वजन म्हणजे त्या ऐवजाला खाली ओढणारा जोर, तो चंद्रावर कमी. त्यांनी उदाहरणही दिलं: कापडाचा तागा चंद्रावर नेला तर उचलायला हलका होईल, पण शर्ट तेवढेच निघतील.
मी म्हटलं, शाबास. मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. लक्ष आहे की नाही ते बघत होतो.
ही पद्धत चांगली आहे. पुढेही वापरावी.

१९ नोव्हेंबर
मान आखडली. धडा नाही.

२६ नोव्हेंबर, दुपार
उष्णता. पाणी उकळलं की खालची आच वाढवायची, म्हणजे पाणी आणखी गरम होतं, असं मी सांगत होतो. आता यात समजावण्यासारखं काय आहे? पण सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि पातेल्यात थर्मामीटर धरून उभ्या राहिल्या. प्रात्यक्षिकांसाठी त्यांना शनिवारी एका शाळेत जावं लागतं, तिथल्या विज्ञानाच्या बाईंकडून मागून आणलेला. पारा शंभराच्या आसपास जाऊन थांबला. आच वाढवली. पाणी खदखदायला लागलं, पारा ढिम्म.
मी म्हटलं, थर्मामीटर बिघडलाय.
त्यांनी विचारलं, मग ही वरची उष्णता जाते कुठे? मी म्हटलं, हवेत. पुस्तक म्हणतं की ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, म्हणून आकडा वाढत नाही. तिला अप्रकट उष्मा म्हणतात. हे मी त्यांना त्यांच्याच पुस्तकातून वाचून दाखवलं. मोठ्याने वाचलं की मुद्दा ठसतो.
सासूबाई म्हणाल्या की म्हणजे जन्मभर मोठ्या आचेवर नुसती वाफ विकत घेतली. घरी आल्यावर हिनेही गॅस बारीक केला. मला वाटतं, माझा चहाही मुद्दाम उशिरा आला. विज्ञानाचे दुष्परिणाम.

१० डिसेंबर
मधला रविवार टार्गेटमध्ये गेला. आज आम्ल आणि आम्लारी. लिटमस पेपर आणतो म्हणालो होतो, राहिला. माझ्यामागे कामं कमी आहेत का?
सासूबाईंनी बिनदुधाचा चहा तीन कपांत ओतून ठेवला होता. एकात लिंबू पिळलं. रंग एकदम फिका पडला. दुसऱ्यात खायचा सोडा टाकला. रंग गडद झाला. तिसरा तसाच ठेवला, ताडून बघायला. लिंबू आम्ल, सोडा आम्लारी, आणि चहा स्वतःच चुगली करतो, असं म्हणाल्या. लिटमस नसला तरी चालतं.
हेच मी सांगणार होतो. विद्यार्थ्याने प्रयोग स्वतः करावा, शिक्षकाने बाजूला उभं राहावं, ही माझी पद्धतच आहे. तिसरा कप मी प्यायलो.

२२ डिसेंबर
मोठी बातमी. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. एका अख्ख्या सोसायटीची ऑर्डर येऊ घातली आहे, प्रत्येक घरात आपला फिल्टर. आणि सोसायटी कुठली? सासूबाईंचीच. साहेब म्हणाले की तुमची घरचीच माणसं आहेत तिथे, तुम्हीच जा. ऑर्डर आली तर एरिया मॅनेजरची खुर्ची रिकामीच आहे. त्यांनी खुर्चीकडे हातही केला, भिंतीपलीकडे आहे ती.
हिला सांगितलं. हिने विचारलं, तुम्ही तो सळ्यांचा प्रयोग दाखवणार का? म्हटलं, तो नाही तर काय दाखवणार?
त्या यंत्रावर माझा पूर्ण विश्वास आहे. दोन ग्लास. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आपल्या फिल्टरचं. दोन्हीत सळ्यांच्या जोड्या बुडवायच्या आणि बटण दाबायचं. बघता बघता नळाचं पाणी तपकिरी होतं, गाळाचा साका जमतो. आपलं पाणी काचेसारखं स्वच्छ. बायका तोंडावर हात ठेवतात. पुरुष लगेच हप्ते विचारतात. आजवर एकदाही फसलेलं नाही.
ट्रेनिंगमध्ये सांगितलंय की कोणी विचारलं तर तपकिरी म्हणजे पाण्यात लपलेली घाण, असं सांगायचं. कोणी विचारत नाही.

७ जानेवारी
वीज. सासूबाईंनी विचारलं, शुद्ध पाण्यातून वीज वाहते का? मी म्हटलं, वाहते, म्हणून तर ओल्या हाताने बटणाला हात लावत नाहीत. पुस्तकात उलटंच छापलंय: अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, पाण्यात विरघळलेले क्षार ती वाहून नेतात. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून ओला हात धोक्याचा.
मी म्हटलं, पुस्तक लिहिणारे लोक फील्डवर जात नाहीत.
मग त्यांनी माझं यंत्र बघायला मागितलं. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत घरातल्या कोणी माझ्या कामात रस दाखवला नव्हता. गाडीतून आणून दिलं. त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं, सळी शिवणाच्या सुईने खरवडली, नखाशी आलेला तांबूस चुरा उजेडात धरला. ही कशाची? मी म्हटलं, स्पेशल. आणि ही दुसरी? मी म्हटलं, तीपण स्पेशल, पण वेगळी. मग विचारलं की एकच सळी खालून बारीक का झाली आहे, वरून तर जाड आहे.
मी समजावलं: वापरून झिजते. पेन्सिलीसारखी.
त्यांनी बराच वेळ मान हलवली. हळूहळू का होईना, डोक्यात शिरतंय.

२१ जानेवारी
धडा नाही. डेमोची तयारी. आरशासमोर. शेवटच्या वाक्याला आवाज खाली आणायचा: "निर्णय तुमचा आहे. मुलंही तुमचीच आहेत." छान बसतं.
मेहुण्याचा फोन आला होता, आई आता शाळेतल्या बाईंकडेच शंका विचारते म्हणाला. चांगलं आहे. पाया मी घातला, वरचा मजला कोणीही चढवील.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
सासूबाई स्वतः घरी आल्या. बसने. काम काय, तर उद्याच्या कार्यक्रमात बाकी सगळं सांगा, फिल्टर चांगला आहे म्हणून सांगा, किंमत सांगा, पण ते सळ्यांचं यंत्र तेवढं लावू नका. का, ते सांगायला लागल्या. त्यांनी पुस्तकही आणलं होतं. मी म्हटलं, उद्या नको ते टेन्शन घेऊ नका, शॉक लागत नाही, इन्शुलेशन आहे.
त्यांनी परत सांगून पाहिलं. मी चहाला विचारलं.
त्या गेल्यावर ही म्हणाली की एकदा तरी आईचं ऐका. दोघींनाही विजेची भीती आहे, आईकडून मुलीत आली असणार. पण माणसं जीव लावतात हे खरं. सत्तर घरांसमोर जावई उभा राहणार म्हणजे काळजी वाटणारच.
निळा शर्ट इस्त्रीला दिला.

११ फेब्रुवारी, दुपार
घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी विपर्यास करायला नको.
सोसायटीचा हॉल भरला होता. साहेब पुढच्या रांगेत, शेजारी सेक्रेटरी, त्यांच्या मागे सासूबाई. माझी सुरुवात उत्तम झाली. बटण दाबलं, नळाचं पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, मग साका. साहेबांनी माझ्याकडे बघून किंचित मान हलवली. मी शेवटचं वाक्य म्हटलं, आवाज खाली आणून.
तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी रडायला लागल्या. त्यांचा नातू गेल्या महिन्यात आजारी पडला होता. मीच पाजलं त्याला हे, माझ्या हाताने पाजलं, असं म्हणत राहिल्या. हे डेमोमध्ये होतं कधी कधी. अशा वेळी मध्ये बोलायचं नाही, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. लोकांना भिडू द्यायचं.
पण आजी सासूबाईंकडे वळल्या. तुम्ही विज्ञान शिकताय, तुम्ही सांगा, असं म्हणाल्या.
सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी हसून खूण केली, सांगा म्हणून. मला वाटलं, दोन चांगले शब्द बोलतील. त्या उठून उभ्या राहिल्या.
"जावईबापू सांगतात ते खोटं आहे, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "फक्त त्या दुसऱ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि परत बटण दाबा."
कोणीतरी मीठ आणलं. मी न डगमगता टाकलं. डगमगायचं कारणच काय? पाणी आपल्या कंपनीचं, मीठ सगळे रोज खातात.
तेही तपकिरी झालं. पहिल्यापेक्षा लवकर. साकाही जाड आला.
मग सासूबाई आजींच्या खुर्चीपाशी जाऊन बसल्या आणि त्यांनाच सांगायला लागल्या, पण हॉल एवढा गप्प होता की सगळ्यांना ऐकू गेलं. "रडू नका. हा रंग पाण्यातला नाही, सळीतला आहे. एक सळी लोखंडाची आहे. वीज वाहिली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. नळाच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज वाहते. फिल्टरच्या पाण्यात क्षार उरत नाहीत म्हणून वाहत नव्हती, मीठ टाकल्यावर वाहिली. तुम्ही नातवाला गंज पाजला नाही. गंज आत्ता इथे तयार झालाय."
सेक्रेटरींनी सळी बाहेर काढून रुमालाने पुसली आणि रुमाल सगळ्यांना दाखवला. साहेब फोन घ्यायला म्हणून बाहेर गेले. फोन खुर्चीवरच राहिला होता.
कोणीतरी मला विचारलं की मग नळाचं पाणी चांगलं की वाईट? मी म्हटलं, तो वेगळा विषय आहे. सासूबाई म्हणाल्या, ते या यंत्राने कळत नाही, पाणी प्रयोगशाळेत तपासायला द्या आणि आधी गच्चीवरची टाकी धुऊन घ्या. ठराव तिथल्या तिथे मंजूर. टाकी किती वर्षं धुतली नाही यावर मग त्यांचं आपसातच जुंपलं. माझं सामान आवरायला कोणी आलं नाही.
एकूण प्रतिसाद संमिश्र.

१२ फेब्रुवारी, सकाळ
खुलासा सापडला. मिठात भेसळ असणार.
घरच्या मिठाने करून बघितलं. तपकिरी. दुकानातून नवीन पुडा आणला. तपकिरी. मीठ बाजूला ठेवून धुण्याचा सोडा टाकला. तेच. निष्कर्ष: यंत्र फार संवेदनशील आहे.
ही दारात उभी राहून बघत होती. चिडलेली नव्हती. तिने विचारलं, "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"
नव्हतं म्हटलं तर बी.एस्सी. गेली. होतं म्हटलं तर त्या आजी डोळ्यांसमोर येतात. मी म्हटलं, डोकं दुखतंय. ही गोळी घेऊन आली, आणि नळाचं पाणी.
सासूबाईंशी बोलायचं नाही, असं ठरवलं आहे. निदान या आठवड्यात.

१४ फेब्रुवारी
सासूबाईंचा फोन. मला दुखावलं असेल तर मनावर घेऊ नका, मी आदल्या दिवशी सांगायला आले होते, म्हणाल्या. मी म्हटलं, छे छे, मी तर मुद्दाम करू दिलं, तुम्हाला आत्मविश्वास यावा म्हणून.
पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. लाइन खराब असावी.

१ मार्च
माझी गोडाऊनला बदली. साहेब म्हणाले, काही दिवस लोकांसमोर नको. खोकी मोजून घ्यायची आणि सही करायची. याला हल्ली बॅक-एंड म्हणतात. सगळी कंपनी बॅक-एंडवरच चालते.
ते यंत्र मात्र डेमोच्या सामानात अजून आहे. माझ्या जागी आलेला माणूस आज घेऊन गेला. त्याला सांगावं की काय, असं वाटलं होतं. तोपर्यंत टेम्पो आला.

१० मार्च
सासूबाईंचा विज्ञानाचा पेपर परवा. मी रात्रंदिवस नाही, पण बऱ्यापैकी खपून अपेक्षित प्रश्न काढले आणि मोठ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून काल पोचवले. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला.
तिथे पेन विसरला म्हणून आज परत गेलो तर कागद शिवणयंत्राशेजारी होता. त्यातून कॉलरचा नमुना कापलेला होता. मेहुणा म्हणाला, कागद चांगला जाड होता.
अप्रकट उष्म्याचा प्रश्न कॉलरबरोबर गेला. तोच नेमका येणार, बघा.

१२ मार्च
तो प्रश्न आला नाही. विषयावरची माझी पकड यावरून दिसते: ज्याचा कागद गेला, तो प्रश्नही गेला.

४ जून
निकाल. सासूबाई पास. सगळ्यांत जास्त मार्क विज्ञानात! मेहुण्याच्या गणितात जेमतेम. मी त्याच्या पाठीवर थोपटलं.
घर माणसांनी भरलं होतं. तळमजल्यावरच्या आजी नातवाला घेऊन आल्या होत्या, धडधाकट कार्टं, दिवाण मोडायच्या बेतात होतं. कोणीतरी विचारलं, विज्ञान कोणी शिकवलं? सासूबाई म्हणाल्या, जावईबापूंनी. मेहुण्याला आनंदाने असा ठसका लागला की त्याला गॅलरीत न्यावं लागलं.
सगळे पांगल्यावर मी सासूबाईंना विचारलं, खरं सांगा, माझा कितपत उपयोग झाला? त्यांनी विचार केला. तोंडदेखलं बोलायची त्यांना सवय नाही.
"झाला ना," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळे एक सवय लागली. कोणी काही सांगितलं की पुस्तकात बघायचं, आणि मग करून बघायचं."
इतकी वर्षं शिकवणारे शिक्षक असतात, त्यांना असं कोणी म्हणत नाही. हिला हे वाक्य सांगितलं. हिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि आत गेली.

१५ जून
सासूबाई अकरावीला सायन्स घेणार म्हणतात. मी म्हटलं, फिजिक्स माझ्यावर सोडा. त्या म्हणाल्या, तुमची धावपळ फार झाली, आता जरा विश्रांती घ्या. हिलाही तसंच वाटतं. मेहुण्यालाही. शाळेतल्या त्या बाईंना मी आजवर भेटलेलो नाही, पण त्यांचाही तसाच निरोप आला. माझ्या तब्येतीची इतक्या जणांना काळजी असेल, असं वाटलं नव्हतं.
एक चांगलं झालं. इथल्या साप्ताहिकाचा माणूस उद्या सासूबाईंचा फोटो काढायला येतोय. मुलाखतही घेणार. त्यांनी मला बोलावलं आहे. सगळ्यांनाच बोलावलं आहे, पण मला आधी.

१६ जून
फोटो झाला. मी शेजारी उभा राहिलो, सासूबाईंच्या खांद्यामागे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, गुरूला शोभेल असा. फोटोवाला मला जरा डावीकडे सरका म्हणाला. सरकलो. आणखी सरका म्हणाला. मुलाखतीत मी माझ्या पद्धतीबद्दल सविस्तर बोललो. त्याने लिहून घेतलं नाही, म्हणजे सगळं लक्षात ठेवणारा असावा.

२१ जून, सकाळ
साप्ताहिक आलं. पान तीन. सासूबाई हसतायत, हातात गुणपत्रिका. फोटो छान आलाय.
मी मनगटापर्यंत आलोय. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला तो हात माझाच. घड्याळ ओळखू येतं. खाली छापलंय: ‘यशामागे कुटुंबाचा हात’.
मुलाखतीत शाळेतल्या बाईंचं नाव आहे.
अंक गोडाऊनमध्ये नेणार होतो. पण फोटोत नखं नीट कापलेली दिसत नाहीत.